विद्येची परतफेड

विश्वविद्यालयाने विद्यार्थ्यास काय काय विचारावे यास काही मर्यादा असावी, असे आम्हांस वाटते. वय विचारावे, पूर्वीच्या परीक्षेतील गुण विचारावेत, फी भरण्याची ऐपत आहे की नाही हेही हवे तर विचारावे. परंतु अमेरिकेतील यूटा संस्थानात प्रोव्हो या गावी एक मोठे विश्वविद्यालय असे आहे की, ते दरवर्षी विद्यार्थ्यापाशी धर्मगुरूचा दाखला मागते. आमचा एक जुना विद्यार्थी त्या बाजूस नोकरीनिमित्त राहतो. गेल्या दिवाळीत तो वसईस आला असता त्याच्या तोंडून हा प्रकार आम्ही प्रथम ऐकिला, आणि पुढे मिळेल ते वाचून त्याची खातरजमा करून घेतली.

हे विश्वविद्यालय मॉर्मन पंथाचे आहे. जोसेफ स्मिथ नावाच्या गृहस्थाने १८३० साली न्यूयॉर्क संस्थानात हा पंथ स्थापिला. तो मारला गेल्यावर ब्रिगहॅम यंग याने अनुयायांस घेऊन १८४७ साली यूटाच्या खाऱ्या सरोवराकाठी वसाहत केली. त्याच्याच नावाने १८७५ साली निघालेल्या शाळेचे पुढे विश्वविद्यालय झाले. आज तेथे तीस हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात, आणि त्यांतील बहुतेक त्याच पंथातील घराण्यांतले असतात. पंथातील लोक आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा मंडळीस देतात. त्या पैशावर विश्वविद्यालय चालत असल्यामुळे पंथातील मुलांस फी इतरांच्या निम्मी पडते. मद्य आणि तंबाखू तेथे वर्ज्य आहेतच, पण चहा आणि कॉफीही वर्ज्य आहेत. हे ऐकून आमच्या घरातील स्त्रीवर्गाने कानांवर हात ठेविले. आम्हांस मात्र १८९० सालचे पुण्यातील पंचहौद मिशनमधील चहाचे प्रकरण आठवले. तेथे चहा निषिद्ध नव्हता, मिशनऱ्याच्या घरचा चहा निषिद्ध होता. आणि तो प्याल्याबद्दल न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषास प्रायश्चित्त घ्यावे लागले.

असो. आमच्या विद्यार्थ्याने सांगितलेली खरी मेख पुढेच आहे. परधर्मीयास त्या विश्वविद्यालयात मज्जाव नाही. हिंदू मुलगा तेथे जाऊ शकतो, मुसलमान जाऊ शकतो. फी दुप्पट भरावी आणि आचाराचे नियम पाळावेत म्हणजे झाले. परंतु जो त्याच पंथात जन्मला, त्याच पंथाच्या पैशावर शिकावयास आला, आणि शिकता शिकता ज्याचा विश्वास उडाला, त्याने तसे उघड सांगून पंथातून आपले नाव काढून घेतले, तर सामान्य नियमाप्रमाणे त्याचा दाखला जातो आणि दाखल्याबरोबर विश्वविद्यालयातील जागाही जाते. म्हणजे परक्याच्या अश्रद्धेस तेथे जागा आहे, घरच्या मुलाच्या अश्रद्धेस नाही. साहजिकच ज्याच्या मनात शंका शिरली तो पदवी हाती पडेपर्यंत तोंड मिटून रविवारी प्रार्थनेस बसतो.

विश्वविद्यालयाची बाजू अगदीच टाकाऊ आहे असे आम्ही म्हणणार नाही. श्रद्धावान माणसाने पोटास चिमटा घेऊन दिलेला दशांश श्रद्धा सोडणाऱ्याच्या शिक्षणास का लागावा, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि प्रश्न म्हणून तो रास्त आहे. परंतु उत्तर आम्हांस पटत नाही. आणि ते का पटत नाही याचा विचार करू लागलो तेव्हा यूटा बाजूस राहिला आणि आपल्याच घरच्या गोष्टी एकामागून एक पुढे आल्या.

विद्या देऊन ती परत मागण्याची सर्वांत जुनी गोष्ट आपल्याच पुराणांत आहे. वैशंपायन ऋषींच्या हातून ब्रह्महत्या घडली. शिष्यांनी आपल्याकरिता व्रत आचरावे अशी त्यांनी आज्ञा केली. याज्ञवल्क्य म्हणाला, हे दुबळे विप्र काय करणार, मी एकटाच करतो. गुरूस राग आला. माझ्यापासून शिकलास ते सर्व टाक आणि चालता हो, असे ते म्हणाले. याज्ञवल्क्याने शिकलेले यजुर्मंत्र ओकून टाकले. इतर शिष्यांनी तित्तिर पक्ष्यांची रूपे घेऊन ते टिपले, आणि ती तैत्तिरीय शाखा झाली. पुढे याज्ञवल्क्याने सूर्याची उपासना करून नवे यजुस् मिळविले. आज महाराष्ट्रात माध्यंदिन शाखेची जी हजारो घराणी आहेत, त्यांत आमच्या वसई-ठाण्याकडील पळशीकर मंडळीही आली, ती सर्व या ओकून निघून गेलेल्या शिष्याची वंशपरंपरा सांगतात. पाठशाळेत ही कथा शिकविताना आमचे गुरुजी गुरुद्रोहाच्या पातकावर भर देत. पातक एवढे घोर असते तर त्या शिष्याचे नाव बृहदारण्यकात इतक्या मानाने का आले, हे विचारण्याचे धैर्य तेव्हा वर्गात कोणास नव्हते.

आम्ही राहतो त्या वसईत धर्मसंस्थेच्या विद्यालयाचे अवशेष डोळ्यांसमोरच आहेत. किल्ल्यात शिरल्यावर जेसुइटांच्या मंदिराची उंच दर्शनी भिंत लागते. तिच्यालगत त्यांचे विद्यालय होते. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली ती १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत त्यांच्याकडे होती, आणि त्या दोनशे वर्षांत इकडच्या मुलांस जी पाश्चात्त्य धर्तीची विद्या मिळाली ती पाद्रीलोकांच्या हातून. वसईचा संत म्हणून ज्याचा गौरव होतो तो गोन्सालो गार्सिया यांच्याच पंखाखाली वाढला. पोर्तुगीज बाप आणि वसईकडील आई यांचा हा मुलगा. तो जेसुइटांबरोबर जपानास गेला, पुढे त्यांस सोडून व्यापारात पडला, आणि शेवटी मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात शिरला. १५९७ साली नागासाकी येथे त्यास वधस्तंभावर चढविले, आणि १८६२ साली त्यास संतपद मिळाले. ज्यांनी शिकविले त्यांच्याशी तो बांधला गेला नाही, ही गोष्ट त्याच्या चरित्रात सहसा ठळकपणे सांगत नाहीत. अर्थात त्याने संघ सोडला, धर्म सोडला नाही. धर्म सोडता तर गाठ गोव्याच्या इन्क्विझिशनशी होती. १५६० पासून १८१२ पर्यंत, मध्यंतरीची थोडी वर्षे सोडता, चाललेल्या त्या न्यायासनाचा मुख्य रोख बाप्तिस्मा घेऊन मग मागे फिरणाऱ्यांवर असे. परका एक वेळ चालेल, घरचा फिरला तर चालणार नाही, हा यूटाचा नियम इतक्या जुन्या मुळांचा आहे. शिक्षा मात्र काळाबरोबर पुष्कळच सौम्य झाली, हे कबूल केले पाहिजे.

आमच्या गावाबद्दल गैरसमज होऊ नये म्हणून हेही सांगतो की, आज वसईत ख्रिस्ती मंडळींनी चालविलेल्या शाळांतून ब्राह्मणांची मुले बिनदिक्कत शिकतात आणि त्यांस कोणी धर्माचा दाखला विचारीत नाही. आम्ही शिकवीत होतो त्या शाळेत संस्कृतात पहिली येणारी मुलगी एके वर्षी नंदाखालकडील ख्रिस्ती शेतकऱ्याची होती. तिचे विसर्ग आमच्या भटजींच्या मुलापेक्षा शुद्ध होते.

परंतु विद्या, अन्न आणि श्रद्धा ही तिन्ही एकाच हाताने मिळू लागली म्हणजे माणसाच्या मनाची काय ओढाताण होते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने पंडिता रमाबाईंची इंग्लंडातील तीन वर्षे पाहावीत. आपल्या घरांतून हे नाव पुष्कळ वर्षे दबक्या आवाजात घेतले जाई. बाटलेली बाई, एवढ्या दोन शब्दांत तिची वासलात लावीत. ती बाटल्यानंतर काय झाले, इकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आणि आमच्या विषयाशी संबंध आहे तो त्याच भागाचा.

अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या, जन्म १८५८ चा. बापाने बायकोस संस्कृत शिकविले म्हणून लोकापवाद सोसला, आणि आईने मुलीस भागवत शिकविले. दुष्काळात आईबाप गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. बंगाली वकिलाशी विवाह झाला, आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य आले. कडेवर मनोरमा. १८८२ साली पुण्यास आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८३ साली वैद्यक शिकण्याच्या हेतूने त्या इंग्लंडास निघाल्या. पुण्यास आलेल्या वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाशी त्यांचा परिचय झाला होता. ठरले ते असे की, बाईंनी हिंदुस्थानात येऊ घातलेल्या भगिनींस मराठी शिकवावे आणि भगिनींनी बाईंस आश्रय देऊन इंग्रजी शिकवावे. आपण ख्रिस्ती होणार नाही, असे बाईंनी जाण्यापूर्वी सांगितले होते. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. तिने तेथे विष घेऊन प्राण दिला. परमुलुख, हातात पैसा नाही, कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे वैद्यकाची आशा संपलेली, आणि त्यात हा घाला. १८८३ च्या २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. तो केवळ परिस्थितीच्या रेट्याने झाला असे म्हणणे बाईंच्या बुद्धीचा अपमान करण्यासारखे आहे. भगिनींनी चालविलेली पतित स्त्रियांची सेवा पाहून त्यांचे मन वळले, असे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेविले आहे, आणि ते अमान्य करण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

पुढच्याच वर्षी त्यांस चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात धाडण्यात आले. तेथील मुख्याधिकारी डोरोथिया बील या मोठ्या विदुषी होत्या. बाई तेथे शिकू लागल्या, आणि शिकता शिकता विचारू लागल्या. एक ईश्वर तीन कसा? येशू हा ईश्वर होय, तो कुमारीच्या पोटी आला, हे मानल्यावाचून ख्रिस्ती होता येत नाही, असे कोठे लिहिले आहे? अथेनेशियसचा म्हणून जो कडक मतमंत्र अँग्लिकन चर्चमध्ये म्हणत, तो म्हणावयास त्यांची जीभ वळेना. मांस आणि अंडी त्या खात नसत. भगिनींस त्यात जुन्या जातीचा अभिमान शिल्लक दिसे. भगिनी जो क्रूस वापरीत त्यावरील लॅटिन अक्षरांविषयी बाईंचे म्हणणे असे की, ही भाषा मला येत नाही आणि माझ्या देशभगिनींसही येत नाही. अक्षरे संस्कृतात का नसावीत?

या सर्वांचा भार ज्यांच्यावर पडला त्या सिस्टर जेराल्डीन. पुण्यास राहून गेलेल्या, प्रकृतीमुळे परत आलेल्या, आणि रमाबाईंस धर्माच्या कामी आईच्या ठिकाणी असलेल्या. छोटी मनोरमा त्यांस आजीबाई म्हणे, आणि रमाबाईही पत्रांतून त्यांस आजीबाईच म्हणत. हे मराठी नाते मायन्यात ठेवून पुढे पानेच्या पाने दोघी ईश्वरस्वरूपावर भांडल्या आहेत. जेराल्डीनबाईंस ही शंका गर्वाची वाटे. तू काल आलीस, आज चर्चला शिकवू लागलीस. लहान मुलासारखी नम्र हो, असा त्यांचा सूर. यास १८८५ च्या मे महिन्यातील एका पत्रात बाईंनी जे उत्तर दिले त्याचा आशय असा की, आमच्याकडील भिक्षुकांचे जू मोठ्या कष्टाने नुकतेच मानेवरून उतरविले आहे. आता दुसऱ्या भिक्षुकांचे शब्द ईश्वराची आज्ञा समजून तितकेच जड दुसरे जू मी चढवून घेणार नाही. हे लिहिताना त्या त्यांच्याच अन्नावर आणि त्यांच्याच खर्चाने शिकत होत्या, हे लक्षात घेतले पाहिजे. हिंदुस्थानात परतावे तर माहेर नाही, सासर नाही, पुण्यातील दारे बाप्तिस्म्याने बंद झालेली. गप्प बसून पदरात पडेल ती विद्या घ्यावी आणि देशी परतल्यावर काय ते करावे, असा सल्ला व्यवहारी माणसाने दिला असता. बाईंनी गप्प बसण्याचे नाकारले.

बीलबाईंचे वर्तन या प्रकरणात आम्हांस फार आवडते. बाईंच्या शंकांस त्यांनी पाप म्हटले नाही. दीर्घ पत्रे लिहून वाद केला. बाईंनी पुरुष विद्यार्थ्यांसही शिकवावे की नाही असा प्रश्न निघाला तेव्हा मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी विरोध केला, आणि बीलबाई रमाबाईंच्या बाजूने उभ्या राहिल्या. जेराल्डीनबाईंबद्दलही एक गोष्ट सांगणे न्यायाचे होईल. त्यांनी रागावून लिहिले, रडून लिहिले. पण रमाबाईंस दाराबाहेर काढले नाही. आणि ज्या पत्रांत आपणच कठोर दिसतो ती सर्व पत्रे त्यांनी जपून ठेविली. ती नव्वदांहून अधिक वर्षांनी, १९७७ साली, अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्राच्या साहित्य संस्कृती मंडळाने छापली म्हणूनच आज आपण हे लिहू शकतो. स्वतःच्या विरुद्धचा पुरावा राखून ठेवणारी माणसे कोणत्याही धर्मात थोडीच.

वाद सर्वांत तिखट झाला तो मनोरमेवरून. स्वतः काय मानावे यावर आईने हवे तितके भांडावे; पण मुलीस कोणती प्रार्थना शिकवावयाची हे कोण ठरविणार? मुलगी भगिनींपाशी राहते, त्यांचे जेवते, त्यांच्याच भाषेत बोलते. जे मला पटलेले नाही ते माझ्या मुलीस सत्य म्हणून शिकवू नका, असा रमाबाईंचा आग्रह. येथे आमचे मत पूर्णपणे आईच्या बाजूचे आहे.

१८८६ च्या आरंभी रमाबाई अमेरिकेस गेल्या. निमित्त आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. कल्याणच्या त्या मुलीची गोष्ट आपल्या वाचकांस ठाऊकच आहे. धर्म बदलाल तर मदत करू, असे मिशनऱ्यांनी सुचविले असता ती अट नाकारून ती हिंदू म्हणूनच गेली आणि हिंदू म्हणूनच डॉक्टर होऊन आली. दोन चित्पावन स्त्रिया, एकीने धर्म घेऊन त्याच्या मालकांशी भांडण मांडले, दुसरीने तो घेतलाच नाही. आणि फिलाडेल्फियात मार्च महिन्यात दोघी एका सभागृहात होत्या.

येथे गोष्ट संपविली असती तर रमाबाई आम्हांस सर्वस्वी अनुकरणीय ठरल्या असत्या. परंतु काळाने त्यांस दुसऱ्या बाजूस नेऊन बसविले. १८८९ च्या ११ मार्च रोजी मुंबईस शारदासदन निघाले, पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. पैसा अमेरिकेतील मंडळींचा, आणि बोली अशी की धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार म्हणून नावे दिली. आता अन्न आणि विद्या देणारा हात रमाबाईंचा होता. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, काही मुली जाऊन बसत. दार उघडे ठेवणे ही तटस्थता की निमंत्रण, यावर पुण्यात रण माजले, केसरीने आग पाखडली, आणि १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले. ज्या बाईंनी आपल्या मुलीच्या बाबतीत जेराल्डीनबाईंस जे बजाविले, तेच पुण्यातील बाप आता त्यांस बजावीत होते. बाईंनी कोणावर सक्ती केली असे आम्ही म्हणत नाही. सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्या तेथे शिकून हिंदूच राहिल्या, आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. परंतु केस वाढू देणाऱ्या, पोटभर जेवू घालणाऱ्या, अक्षर शिकविणाऱ्या स्त्रीचे दार उघडे असता बारा वर्षांच्या विधवा मुलीने त्यात जाऊ नये, ही अपेक्षा करणाऱ्यांनी त्या मुलीस आपल्या घरी काय दिले होते, हेही विचारले पाहिजे.

आता आपल्या बाजूकडे वळतो, कारण दुसऱ्याच्या घरातील केर दाखविणे सोपे असते. आपल्याकडे विद्यार्थ्यास अन्न कसे मिळे? वार लावून, माधुकरी मागून, छत्रात जेवून. त्या अन्नास अट होती की नाही? होती, परंतु ती श्रद्धेची नव्हती. धर्मानंद कोसंबी हे गोव्यातील सांखवळचे. बालबोध मासिकात बुद्धाविषयी वाचून त्यांस ध्यास लागला. १८९९ साली घर सोडून पुण्यास, तेथून काशीस गेले. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृत व्याकरण पुरे केले. पोटात ब्राह्मणांच्या छत्राचे अन्न आणि मनात बुद्ध. १९०२ साली ते नेपाळास गेले, आणि तेथून गया, कलकत्ता करीत सिंहलद्वीपात जाऊन सुमंगलाचार्यांच्या विद्योदय विद्यालयात दाखल झाले. काशीच्या छत्रात तू कोणत्या जातीचा हे जरूर विचारीत. तू काय मानतोस, हे कोणी विचारले नसेल. सोवळे नेसलेला आणि आपोशन घेणारा मुलगा मनातून चार्वाक असला तरी छत्राचे काही अडत नसे.

आमच्या स्वतःच्या पाठशाळेतही हेच होते. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. सायंसंध्या झाल्यावाचून पान मांडीत नसत. आमच्या पंक्तीस एक सहाध्यायी होता, बुद्धीने आम्हां सर्वांच्या पुढे. एके रात्री त्याने सांगितले की, वर्ष झाले, संध्येच्या वेळी मी डोळे मिटून अमरकोश घोकतो. ओठ हलतात तेवढे पुरते. तो हसत सांगत होता, पण ते हसणे आम्हांस अजून आठवते. पुढे त्याने वैदिकी केली, मोठी दक्षिणा मिळविली, चार मजली घर बांधले. आपला कशावरही विश्वास नाही, हे त्याने आमच्यावाचून कोणास सांगितले असेल असे वाटत नाही. आपल्या धर्मात विचारांचे स्वातंत्र्य आहे, केवळ आचार पाळावा लागतो, असे आपण अभिमानाने सांगतो. त्यात तथ्य आहे. त्या स्वातंत्र्याची किंमत म्हणून किती माणसांनी आयुष्यभर डोळे मिटून अमरकोश घोकला, याचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाही. यूटाच्या मुलास निदान चार वर्षेच गप्प बसावे लागते.

हे सर्व आजच लिहावेसे वाटले याचे कारण घरातले आहे. आमचे कुटुंब एकत्र आहे. थोरले बंधू, ज्यांस आम्ही दादा म्हणतो, ते कर्ते. त्यांचा नातू मुंबईस इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षास आहे, आणि त्याची फी दादा आपल्या निवृत्तिवेतनातून भरतात. यंदा पितृपक्षात, वडिलांच्या श्राद्धतिथीच्या आदल्या रात्री, जेवताना तो म्हणाला,

“आजोबा, उद्या मी श्राद्धाला बसणार नाही. माझा त्यावर विश्वास राहिलेला नाही. जानवं मी वर्षापूर्वीच काढलंय. तुम्हांला न सांगता नुसतं बसणं मला बरं वाटत नाही.”

पंक्तीत कोणी घास उचलीना. दादा शांतपणे म्हणाले, “मग माझी फी कशी चालते?”

“तुम्ही बंद केलीत तर मी नोकरी बघीन. पण म्हणून उद्या जानवं घालून बसणार नाही. बाजारातून काय आणायचं असेल ते सांगा, मी आणतो.”

वहिनी म्हणाल्या, “आधी भात गार होतोय तो जेवा.” त्या रात्री एवढेच झाले.

झोपण्यापूर्वी आम्ही ओटीवर दादांपाशी बसलो. मुलाने खोटे बोलून पैसा घेतला असता तर तो घेणे गैर होते. त्याने तर खरे सांगून पैसा पणास लावला आहे. सत्यकाम जाबालाने आपले गोत्र ठाऊक नाही असे खरे सांगितले तेव्हा गौतमांनी समिधा आणावयास सांगून त्यास ठेवून घेतले. हा मुलगा तर बाजारातून सामान आणतो म्हणतो. दादा काही बोलले नाहीत. मग आम्ही याज्ञवल्क्याची कथा काढली.

“याज्ञवल्क्याने निदान ओकून तरी दिलं,” दादा म्हणाले, आणि दिवा मालवून आत गेले.

आमचे मत आम्ही त्यांस दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितले. विद्येसाठी दिलेला पैसा हा जानव्याचा मोबदला मानिला तर उद्या घरातील प्रत्येक मूल, फी संपेपर्यंत, डोळे मिटून ओठ हलवील. आणि आपण त्यासच धर्म समजून समाधानाने पान मांडू. दादांचे म्हणणे निराळे आहे, आणि तेही आम्ही लपवीत नाही. ते म्हणतात, वडिलांनी मला शिकविले ते माझ्या मागे कोणी तरी पाणी देईल या भरवशावर. तो भरवसा मी कोणाकडून मागावयाचा? यास आमच्यापाशी पुराणातले उत्तर नाही.

श्राद्ध यथासांग झाले. मुलाने पहाटे वसईच्या बाजारातून केळीची पाने, पडवळ, गवारी आणून दिली आणि ओटीवर पुस्तक घेऊन बसला. ब्राह्मण जेवून गेल्यावर घरची पंगत बसली, तेव्हा दादांनी आतून विचारले, “त्याचं पान मांडलंय का?” मांडले होते.

दुसऱ्या सहामाहीची फी पुढल्या महिन्यात भरावयाची आहे. दादांनी काल बँकेचे पासबुक मागवून घेतले, चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिले, आणि उशाखाली ठेविले.